चौथ्या भांड्यातली गोळी

आमच्या कंपनीत तीन पीएच.डी. आहेत आणि त्यांतली एक मी. तरीही गोळीवर थर चढवायचा प्रश्न आला की आम्ही तिघंही ज्या बाईंच्या तोंडाकडे बघायचो, त्या बारावी नापास होत्या. हेमलता सूर्यकांत राव. मालकांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांच्या हेमलताक्का. आज हे मी अभिमानानं सांगते आहे. पहिल्या महिन्यात मात्र याच गोष्टीवरून माझा तिळपापड झाला होता.

मी शलाका, मूळची पुण्याची. राहते बेळ्ळंदूरला आणि कंपनी जिगणीला. सकाळचा दीड तास रस्त्यावर जायचा आणि तिथे गोळा केलेला राग मी दिवसभर पुरवून वापरायची. अशाच एका सकाळी मी थराचं द्रावण बनवून आणलं, सोबत त्याच्या घट्टपणाचे आकडे छापलेला कागद. अक्कांनी कागद बाजूला ठेवला. चमचा बुडवला, वर धरला आणि थेंब कसा पडतो ते बघितलं.

"दाट आहे गं. स्वल्प पाणी घाल."

"अक्का, आकडे बरोबर आहेत. मी स्वतः चेक केलेत."

"असतील की. आकडे बरोबर आणि थेंब दाट."

मी तणतणत परत गेले आणि पुन्हा मोजलं. यंत्राची गार ठेवायची पेटी बंद पडली होती, द्रावण गरमच मोजलं गेलं होतं. सगळे आकडे चुकीचे होते. द्रावण खरंच दाट होतं. मी मुकाट्यानं पाणी घातलं. अक्का त्यावर एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

अक्कांचं घराणं बंगळुरात पाच-सहा पिढ्यांचं. कुठून आले ते कुणालाच धड ठाऊक नाही. नावापुढे राव राहिलं आणि घरात मराठी राहिली. ती मराठीही अशी, की एका वाक्यात दोन कानडी शब्द आल्याशिवाय त्यांना जेवल्यासारखं वाटत नसे. 'सरी' म्हणजे ठीक, 'सुम्ने' म्हणजे उगीच. आपली मराठी तेवढी शुद्ध, असं मानणाऱ्या माझ्यासारखीला हे सुरुवातीला खड्यासारखं लागायचं. आता बेळ्ळंदूरच्या भाजीवाल्याशी मीच 'सरी सरी' करते.

त्यांची आई संक्रांतीला हलवा करायची. तिळगुळाबरोबर देतो तो काटेरी हलवा, आणि नव्या सुनांसाठी हलव्याचे दागिने. बसवनगुडीतल्या मराठी घरांत डिसेंबरपासून मागणी असे. मंद आचेवर परात, परातीत तीळ, त्यावर पाकाचे दोन थेंब, आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. एक थर वाळला की पुढचे दोन थेंब. घाई केली की तीळ एकमेकांना चिकटतात, आळस केला की पाकाची नुसती पूड होते. सहा वर्षांच्या असल्यापासून अक्का त्या परातीपाशी बसत. बाविसाव्या वर्षी गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागल्या, आणि तिथे एकदा त्यांनी गोळ्यांना साखरेचा थर चढवणारं मोठं तांब्याचं भांडं फिरताना बघितलं. चालवणाऱ्या माणसाला त्या म्हणाल्या, "काका, तुमचा पाक घाई करतोय." त्यानं हसून पळी त्यांच्या हातात दिली. ती पळी चौतीस वर्षं सुटली नाही. भांड्याचं मशीन झालं आणि पळीची स्प्रे गन झाली, इतकंच.

"हलव्याला काटा आला पाहिजे, गोळीला येता कामा नये," त्या नव्या माणसाला शिकवत. "बाकी सगळं तेच."

आम्ही ज्या गोळीवर काम करत होतो ती मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी होती. औषध जुनंच. पण ते इंजेक्शनानं दिलं की रक्तातून सगळ्या अंगभर जातं आणि जिथे रोग नाही तिथेही नासधूस करतं. तोंडानं घ्यावं, तर पोटात आणि लहान आतड्यातच संपून जातं, पुढे पोचतच नाही. म्हणून त्याला दोन थरांचं अंगडं. बाहेरचा थर पोटातल्या आम्लाला दाद देत नाही. आतला थर गवारीच्या बियांच्या डिंकाचा. हा डिंक आपल्याला पचत नाही, पण मोठ्या आतड्यात राहणारे जंतू तो आवडीनं खातात. गवारीची भाजी भरपूर खाल्ल्यावर पोटात जे काही चालतं ते याच मंडळींचं काम. ते डिंक खातात, गोळी उघडते आणि औषध नेमकं तिथेच सांडतं.

हे सगळं मी पुस्तकातून शिकले. अक्का घरातून शिकल्या होत्या. त्यांचे यजमान सूर्यकांत घड्याळांच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांना हाच रोग निघाला. ऑपरेशन झालं, मग इंजेक्शनं. माणूस वाचला, आज ठणठणीत आहे. पण ते चार महिने ते दोघंही विसरले नाहीत. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवायला गेले तेव्हा काकांनी ठेच्याची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "खा. मला चार महिने ही नुसती लांबून दाखवत होती."

"रोग मोठ्या आतड्यात आणि फोड तोंडात," अक्का म्हणाल्या. "ताकभातसुद्धा टोचायचा ह्यांना. रडायचे गं जेवताना."

"ते औषध म्हणजे कसला पाहुणा," काका म्हणाले. "बोलावलं एका घरी आणि जेवून आला अख्ख्या गल्लीत."

त्या दिवशी अक्कांनी मला एक गोष्ट सांगितली. डिसेंबरच्या एकतीस तारखेला त्या निवृत्त होणार होत्या. "त्याआधी माझ्या हातची ही गोळी एका तरी माणसाच्या पोटात जाऊ दे. मग मी घरी बसते, सुम्ने टीव्ही बघते." एवढी एकच इच्छा. हॉस्पिटलनं बारा पेशंट ठरवले होते, परवानग्या आल्या होत्या. वाट होती ती फक्त आमच्या बॅचची.

ऑक्टोबरमध्ये आयुधपूजा आली. आपल्याकडे दसऱ्याला शस्त्रं पुजतात, पण बंगळुरात त्याच्या आदल्या दिवशी जे चालतं त्याची आम्हा पुणेकरांना कल्पना नसते. रिक्षा, बस, शिलाई मशीन, लिफ्ट, सगळ्यांना हळदकुंकू आणि फुलं. चाकाखाली लिंबू आणि रस्त्यावर फोडलेले कोहळे. आमच्या कंपनीतही मशीन बंद ठेवून पूजा होते. एरवी त्या खोलीत फुलाची पाकळी न्यायलासुद्धा सक्त मनाई. पण त्या एका दिवशी काम नसतं आणि नंतर दोन दिवस सगळं धुऊन पुसून काढतात, म्हणून आमचे मॅनेजर वादिराज सर डोळेझाक करतात. खरं तर पहिली आरती तेच करतात.

कोटिंग मशीनला हार घालायचा मान अक्कांचा. शेवंतीचा हार, त्यांनी स्वतः ओवलेला. मशीनच्या तोंडाशी दोन स्प्रे गन असतात. हार नोजलला लागू नये म्हणून त्या दरवर्षी एका गनचा स्क्रू सैल करून ती बाजूला वळवत आणि पूजेनंतर परत जागेवर आणत. नियम असा, की गन हलवली तर पट्टीनं अंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं. पट्टी भिंतीवर खिळ्याला टांगलेली असे. अक्कांनी तिला कधी हात लावलेला मी तरी पाहिला नव्हता.

"मोजत नाही तुम्ही?" मी त्या वर्षी विचारलं.

"माझा डोळाच पट्टी," त्या म्हणाल्या. आणि ते खरं होतं. चौतीस वर्षांत त्यांचा डोळा चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मलाही ते वाक्य इतकं आवडलं की मी पुण्याला आईला फोन करून सांगितलं.

पूजेनंतर आठवड्यानं बॅच घेतली. गवारीच्या डिंकाचं द्रावण अगदी पातळ ठेवावं लागतं, म्हणून थर चढायला दोन दिवस लागले. दोन्ही दिवस अक्का मशीनसमोरून हलल्या नाहीत. गोळ्या बाहेर आल्या तेव्हा त्यांनी मूठभर हातात घेतल्या, खुळखुळवल्या आणि माझ्या ओंजळीत ओतल्या. गुळगुळीत, फिक्या पिवळ्या, एकीसारखी दुसरी.

मग चाचणी. काचेची सहा भांडी, प्रत्येकात एक गोळी, अंगाएवढं कोमट पाणी आणि सावकाश फिरणारी वल्ही. आधी दोन तास पोटासारखं आम्ल, मग तीन तास लहान आतड्यासारखं पाणी. या पाच तासांत गोळीनं तोंड उघडायचं नाही. सहाव्या तासाला जंतूंचा रस घातला की उघडायचं. सकाळी नऊला सुरुवात झाली. एक वाजता, म्हणजे चौथ्या तासाला, चौथ्या भांड्यातल्या पाण्यात औषध आलं. बाकीची पाच भांडी कोरी.

दुसऱ्या दिवशी मी आणखी सहा गोळ्या लावल्या. सहाही पास. बारामधल्या अकरा. नियमाच्या कोष्टकात हा निकाल बसत होता, मी तीनदा वाचून खात्री केली. वादिराज सरांनी कागद तयार केले. चार वाजता सही, सोमवारी गोळ्या हॉस्पिटलला. मला हुश्श झालं.

"चौथी का उघडली?" अक्कांनी विचारलं.

"एखादी असते अक्का. आउटलायर."

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे... बाकीच्यांसारखी नसलेली."

"ते मला दिसलं की. का नाही, ते विचारते." त्या उठल्या. "चल माझ्याबरोबर. सरांना सांग, सही स्वल्प थांबवा."

मशीनच्या खोलीत जाऊन त्यांनी आधी दोन्ही गन डोळ्यांनी निरखल्या. मग भिंतीवरची पट्टी काढली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. पहिल्या गनचं अंतर मोजलं: वीस सेंटिमीटर, हवं तेवढं. दुसऱ्या गनचं मोजलं. तेवीस. आणि तोंडही किंचित कलतं, भिंतीकडे. म्हणजे मागच्या बाजूनं फिरणाऱ्या काही गोळ्यांना डिंकाचा थर कमी बसला होता. दिसायला सारख्या, पण आतून पातळ.

अक्कांनी दुसऱ्या गनच्या स्क्रूवर बोट फिरवलं आणि तिथेच थांबल्या. स्क्रूच्या चकतीखाली एक पिवळा दोरा चिमटला होता. बोटाच्या पेराएवढा. शेवंतीच्या हाराचा.

दोन दिवसांच्या सफाईत तो कुणाला दिसला नव्हता. तो मध्ये आल्यामुळे गन जागेवर पोचण्याआधीच अडकली होती, आणि डोळ्याला ती बसल्यासारखी वाटली होती.

आता मी जे बोलले ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगितलं नाही तर अक्का कोण होत्या ते कळणार नाही. मी दाराकडे बघून हळूच म्हणाले, "अक्का, कुणी पाहिलेलं नाही. बारातल्या अकरा पास आहेत. नियमात बसतंय. दोरा काढून टाका. ही बॅच गेली तर औषध परत मागवायला जानेवारी उजाडेल, आणि तुम्ही तर डिसेंबरला..."

"मी पाहिलं की," अक्का म्हणाल्या.

त्या रागावल्या नव्हत्या. चेहरा मात्र असा उतरला होता, की आजारातून उठलेलं माणूस वाटावं. "शलाका, तिथे भांडी नाहीत गं. बारा माणसं आहेत. त्यांतला चौथा कोण?"

त्यांनी चिमट्यानं दोरा काढला, कागदाच्या पुडीत ठेवला आणि तशाच वादिराज सरांच्या खोलीत गेल्या. दोघं कानडीत बोलले. मला बरंचसं समजलं. सर म्हणाले, अक्का, तुम्ही हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं. अक्का म्हणाल्या, मग चौथा कोण ते आपल्याला कधीच कळलं नसतं. त्यानंतर आम्ही शंभर गोळ्या ब्लेडनं कापून भिंगाखाली बघितल्या. सात पातळ निघाल्या. सरांनी सहीचा कागद फाडला.

चूक झाली की भरायचा एक छापील फॉर्म असतो. त्यात कारणाच्या रकान्यात सगळे 'मानवी चूक' असं लिहून मोकळे होतात. तो मानव कोण ते कंपनीच्या इतिहासात कधी उघडकीला आलेलं नाही. अक्कांनी मोडक्या इंग्रजीत, एकेक अक्षर कोरून लिहिलं. त्याचा अर्थ असा: "गन मी हलवली. पट्टीनं मोजलं नाही. मला माझ्या डोळ्याचा गर्व होता. हेमलता एस. राव." मी तो फॉर्म वाचला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. माझ्या तीन पदव्यांत असं एकही वाक्य मी लिहिलेलं नाही.

बॅच नष्ट केली. हॉस्पिटलला कळवलं. बारा पेशंटांतल्या दोघांना थांबणं शक्य नव्हतं, त्यांना डॉक्टरांनी नेहमीच्या इंजेक्शनांवर घेतलं. हे कळलं त्या दिवशी अक्का जेवल्या नाहीत. "त्या दोघांच्या तोंडात फोड येतील, ते माझे," त्या म्हणाल्या. मी समजूत घालायला गेले, तर हातानंच मला थांबवलं.

निवृत्तीची तारीख मात्र वादिराज सरांनी पुढे ढकलून आणली. त्यासाठी त्यांनी मालकांना जे पत्र लिहिलं त्याला त्यांनी अक्कांचाच फॉर्म जोडला होता. खाली एकच ओळ लिहिली: हे लिहू शकणारी दुसरी व्यक्ती माझ्याकडे नाही. सहा आठवडे मिळाले.

औषध जानेवारीत आलं. संक्रांतीच्या आदल्या रविवारी अक्कांनी मला घरी बोलावलं, परातीपुढे बसवलं आणि म्हणाल्या, "हलव." तीन तास मी तीळ हलवले. बोटं भाजली, पाठ आखडली, हलव्याला काटा काही आला नाही. काका शेजारी बसून म्हणाले, "हिचा हलवा गोळीसारखा झालाय. घ्या हिला मशीनवर." अक्का हसल्या. ऑक्टोबरनंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

संक्रांतीनंतरच्या बॅचला गन बसवताना त्यांनी पट्टी लावली. मोजलं. मला मोजायला लावलं. वहीत दोघींच्या सह्या. दोन दिवसांनी गोळ्या निघाल्या आणि या वेळी मी सहाच्या जागी चोवीस लावल्या. पाच तास चोवीसही गप्प. सहाव्या तासाला जंतूंचा रस घातला आणि सगळ्यांनी तोंडं उघडली. मी ओरडले. अक्का खुर्चीत बसून होत्या, त्यांनी फक्त चौथ्या भांड्याकडे बोट केलं. मी पुन्हा बघितलं, पुन्हा सांगितलं. मग त्या उठल्या आणि घरी फोन लावला.

गोळ्या हॉस्पिटलला गेल्या, पहिल्या पेशंटनं पहिली गोळी घेतली आणि मग फेब्रुवारीत अक्का निवृत्त झाल्या. दोघांच्या जागी नवे पेशंट आले होते, पुन्हा बारा भरले होते. पेशंटांची नावं आम्हाला कधी कळत नाहीत, नुसते क्रमांक. त्यांनाही आमची नावं कळत नाहीत. ही गोळी कुणी घडवली, ते बाटलीवर कुठेही लिहिलेलं नसतं. म्हणून मी इथे लिहिते आहे.

परवाच्या आयुधपूजेला वादिराज सरांनी अक्कांना मुद्दाम बोलावलं. काकाही आले. हार पुन्हा अक्कांनीच ओवून आणला होता, पण मशीनला त्यांनी घालू दिला नाही. भिंतीवरची पट्टी काढली, पाटावर ठेवली आणि हार तिला घातला. हसावं की नाही, कुणाला कळेना. मग सरच पुढे झाले आणि पट्टीला आरती ओवाळली.

त्याच आठवड्यात हॉस्पिटलचा पहिला अहवाल आला होता. बाराच पेशंट, यावरून औषधानं रोग बरा होतो असं म्हणायला मी धजणार नाही, त्याला अजून वर्षं लागतील. गोळी त्रास देते का आणि योग्य जागी उघडते का, एवढंच बघायचं होतं. पूजा झाल्यावर मी कागद काढला आणि वाचायला लागले, तर अक्कांनी मध्येच अडवलं.

"चौथा?"

मी पान उलटलं. "पेशंट क्रमांक चार. वय एकोणसाठ. तोंडात फोड नाहीत. जेवण नेहमीचं."

"नेहमीचं म्हणजे तिखट?" काकांनी विचारलं.

"तसं लिहिलेलं नाही काका."

अक्कांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत. "सरी," त्या म्हणाल्या. मग वाकून बोट कुंकवात बुडवलं आणि पट्टीवर जिथे वीसचा आकडा आहे, तिथे टेकवलं.